तिकिटाएवढं

सत्तावीस वर्षं मी फेरीबोटीची तिकिटं दिली
निदाच्या धक्क्यावरच्या हिरव्या खोक्यात बसून.
मग यंत्र आलं. मी घरी आले.
बोटांना मात्र तेच माप पाठ:
दोन इंच बाय सव्वा इंच.
कागद मोठा घेतला की हात बावचळतो,
कुठं थांबायचं ते कळेनासं होतं.
म्हणून क्लाइपेडाहून चांगला सुती कागद आणते
आणि शिवणाच्या कात्रीनं त्याची तिकिटं करते.

सामान फार नाही.
जॅमच्या बाटलीचं झाकण, त्यात पाणी.
सहा वड्या रंगाच्या, त्यातला काळा अजून कोरा आहे.
कावळासुद्धा मी निळ्यात तपकिरी मिसळून काढते,
आणि इथले कावळे तसेही अर्धे राखाडी.
शेजारची एर्डमूटे सांगायची,
तिचे वडील हिवाळ्यात वाळूवर जाळी लावून कावळे धरायचे,
मान दातांनी मोडायचे, आणि घरात रस्सा व्हायचा.
मानेपाशी आला की माझा ब्रश अजून जरा हळू होतो.

पांढरा रंग नाहीच माझ्याकडे.
पांढरं ठेवायचं असतं.
कुरवाचं पोट, दोरीवरची चादर,
बेकरीच्या पोराच्या टोपीवरचं पीठ,
इथे हात लावायचा नाही, हे आधीच ठरवावं लागतं.
शिकायला दोन हिवाळे गेले.
पहिल्या हिवाळ्यातले सगळे कुरव
कोळशाच्या वखारीत वाढल्यासारखे दिसायचे.

मार्चअखेर परीट येतो.
इकडे म्हणतात, शेपटी आपटून आपटून
तोच पाण्यावरचा बर्फ फोडतो.
ती शेपटी मी एका श्वासात ओढते.
श्वास चुकला, तर कागद चुलीत.

गेल्या शरदात दोमित्सेले आली.
ओला रेनकोट काढलासुद्धा नाही.
म्हणाली, झिग्मास काढून दे. नावेतला.
फोटो आहेत, पण फोटोत तो कायम कुणाच्या तरी लग्नात असतो.
मी म्हटलं, अगं, या मापात माणूस तिळाएवढा होईल.
ती म्हणाली,
काठावरून मला तो तेवढाच दिसायचा.

मग मी पाणी अंथरलं, फिकं, दुधाळ,
पलीकडचा किनारा एका ओल्या रेघेत संपवला,
डांबर फासलेली नाव ठेवली.
माणूस टेकवायला ब्रश उचलला,
तेवढ्यात बंबात लाकूड फुटलं
आणि थेंब आपणहून पडला.
मधोमध नाही. डाव्या अंगाला, कललेला.
टिपकागद शोधेपर्यंत कागद तो पिऊन बसला होता.

दुसरं काढणारच होते.
पण ती ठरल्यापेक्षा एक दिवस आधी आली,
माझ्या पुढ्यातलं तिकीट उचलून खिडकीशी घेऊन गेली.
चष्मा काढला. पुन्हा लावला.
हाच, म्हणाली. डावा खांदा असाच पडलेला असायचा,
कंबर धरायची ना त्याची थंडीत.
तुला गं कसं ठाऊक?

मला काय ठाऊक असणार.
त्या खोक्याच्या खिडकीतून मी हजारो हात पाहिले,
हातमोजे, अंगठ्या, माशांच्या खवल्यांचे हात,
चेहरे वरच राहून जायचे.
आणि झिग्मासचा तर हातही नाही पाहिला,
त्याची स्वतःची नाव होती,
तो तिकीट कशाला काढेल?

मी ब्रश धूत राहिले.
स्वच्छ होता, तरी धूत राहिले.

पैसे नको म्हटलं तर तिनं टेबलावर
वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरावलेला मासा ठेवला.
रात्री एकटीनं खाल्ला.
काटे फार होते, बारीक,
माझ्या सगळ्यात लहान ब्रशच्या केसांसारखे.

तेव्हापासून दोनतीनदा मुद्दाम
ब्रश भिजवून कागदावर धरून बसले,
बंबाकडे कान लावून.
थेंब पडतो.
नुसता डाग होतो.